मंगळवेढ्याचं घर सुटलं तेव्हा

मंगळवेढ्याच्या स्टँडवर सोलापूरची एसटी लागली, तेव्हा अप्पा कंडक्टरला सांगत होते, "पोरगी जर्मनीला चाललीय, बॅगा नीट ठेवा." गाडी सुटताना आईने खिडकीतून माझा हात धरला आणि सोडला.

इथे जर्मनीत माझं काम असं: हवा काढून घेतलेल्या चेंबरमध्ये अर्धवाहकाची चकती तापवायची, तिच्यावर लेझरने सूक्ष्म खळगे उमटवायचे आणि वरून इंडियम धातूचे अणू सोडायचे. त्यांचे कण इतरत्र न वाढता त्या खळग्यांतच वाढावेत, एवढ्यासाठी माझी काही वर्षं गेली. अप्पांनी एकदा विचारलं होतं, "डोळ्यांना दिसतं का गं ते?" मी नाही म्हटलं. तरी गावभर सांगत फिरायचे.

गेल्या हिवाळ्यात ते जमलं. मायक्रोस्कोपखाली कण ओळीने उभे होते. लॅबमधल्यांनी केक आणला. मी आधी घरी व्हिडिओ कॉल लावला. आईच्या मागे अनोळखी हिरवी भिंत होती.

"कुठे आहेस?"

"सोलापुरात, दादाकडं. आमी आता हितंच ऱ्हातो. अप्पांना दिसंना झालंय की. मंगळवेढ्याचं घर इकलं."

"कधी?"

"दिवाळीच्या आदी. तुजं काम चाललं हुतं, म्हणून न्हाय सांगितलं."

मी "बरं" म्हणाले आणि जाऊन केक खाल्ला. रडू येईल असं वाटत राहिलं. आलं नाही.

उन्हाळ्यात मी सोलापूरला गेले. दादा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. "मंगळवेढ्याला चक्कर मारायची का?" त्याने विचारलं. "कशाला," म्हटलं. त्यालाही बरं वाटलं असावं.

आई दुपारभर बाल्कनीत बसायची. "शेजारीण लई चांगली हाय, पन तेलुगू बोलती. मी नुसती हसती." जर्मनीत पहिल्या वर्षी मीही नुसती हसायचे. मग तिने विचारलं, "तुला तितं करमायला किती दिस लागले गं?"

फोनवर दर वेळी मी छान चाललंय म्हणत आले होते.

"अजून नाही करमत," मी म्हणाले.

"व्हय?" एवढंच म्हणून तिने सरकून मला शेजारी जागा केली.

तुम्ही गेलेले असा की मागे राहिलेले, घर कुठं म्हणून कुणी विचारलं की तुम्हीही क्षणभर थांबत असाल. मी आता सोलापूर सांगते. दादाच्या कॉलनीतले रस्ते मला ठाऊक नाहीत. आईलाही नाहीत. त्या संध्याकाळी आम्ही दोघी विचारत विचारत भाजी आणायला गेलो.