दॉरसखालचं दार

नाशकात एकतीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या विभावरीबाई आखातात, अल गराफातल्या मुलाच्या, शौनकच्या, व्हिलात आल्या त्या एकाच हट्टाने: तीन वर्षांच्या नातीच्या, ओवीच्या, तोंडून मराठी ऐकायचं. व्हिसाचे दोन महिने सरले, एक उरला, तरी पोरीची गाडी 'आजी'च्या पुढे सरकेना.

सून ओर्ला आयर्लंडची. मुलीला आयरिश आलीच पाहिजे म्हणून तिने घरभर चिठ्ठ्या डकवलेल्या. दारावर 'दॉरस'. बाईंनी सहज विचारलं, तर ती खुलून सांगू लागली. 'द' दाताला जीभ लावून म्हणायचा, शब्द पुल्लिंगी, अनेकवचन मात्र 'दिर्शे', पार चेहरा बदललेलं. बाईंमधली मास्तरीण जागी झाली. अगं, हे तर आमचं द्वार! मूळ एकच, फक्त आमच्याकडे ते नपुंसकलिंगी.

"मग तुमचाही शब्द खाली लावा ना," ओर्लाच म्हणाली.

आठवडाभरात बाईंनी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या, टपोऱ्या अक्षरात. एका सकाळी ओवी बोट टेकवून म्हणाली, "दॉरस. दार." बाईंना रडूच फुटलं.

शुक्रवारी शौनकच्या ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती. दुपारी बाई खोलीबाहेर आल्या, तर शौनक मराठी चिठ्ठ्या तेवढ्या सोलून काढत होता.

"अरे, हे काय?"

"आई, प्लीज! गिचमिड दिसतं. आणि तीन-तीन भाषांनी ती कन्फ्यूज होते. खलास, आता विषय नको."

बायकोच्या चिठ्ठ्यांना त्याने नखही लावलं नव्हतं. संध्याकाळी पाहुण्यांना त्याच दाखवत हौसेने मिरवला. परक्या मुलखातली पोर आपली भाषा जपायला धडपडत होती, आणि हा पोटचा गोळा!

ओर्लाने सगळ्यांदेखत विचारलं, "मराठी चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

"आईनेच काढल्या," शौनक हसत इंग्रजीत म्हणाला. "आमच्या घरात मराठीचं एवढं प्रस्थ कधी नव्हतंच."

ओर्ला बाईंकडे पाहत राहिली. पाहुणेही वळले. एक शब्द बोलल्या असत्या तरी पुरे होतं.

"हो," विभावरीबाई म्हणाल्या, "मीच काढल्या."

मुलाची लाज चारचौघांत राखायची, ही त्यांची जन्माची सवय. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्या सवयीची किळस आली.