मानकरी नसलेली जागा

मी गावात पोचलो तेव्हा देवळासमोरच्या मांडवाचे बांबू सोडत होते. जत्रा चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

भाऊकाका पायरीवर बसलेले. गावचे मानकरी. पालखीचा पहिला मान त्यांचा, आणि गावच्या मोबाइलवरच्या ग्रुपचे ॲडमिनही तेच. मला बघून बाजूच्यांना म्हणाले, "ह्यो बघा, आठवी शिकलेलो इंजिनेर! जत्रा सरल्यार इलो."

सगळे हसले. मीही हसलो. सवय.

आमच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते. देवाचा कौल घेऊन ठरते. बाहेर असलेल्यांना ती ग्रुपवरच कळते. मी मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. दोन वर्षांनी एकदा रजा. आईबाबा गेले, गावचं घर बंद. आणि ग्रुपमधून मला काढलेलं. अंदाजानं रजा टाकली. अंदाज चुकला.

काढलं कशासाठी, तेही सांगतो. आधी गावाचं पान एका मोठ्या कंपनीच्या साइटवर होतं. एक दिवस कंपनीनं ते बंद केलं. का, हे विचारायला माणूसच नाही. बाबांचा एकुलता एक फोटो त्यात गेला. पालखीमागं मशाल धरून उभे असलेले.

माझ्याबरोबर इस्त्रीला असलेल्या केरळच्या बिजूनं मग मला इंटरनेटवरची दुसरी जागा दाखवली. तिला मालक कंपनी नाही. प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला. कुणीही बघावा, कुणीही आपल्या गावापुरता चालवावा. मला इंग्रजी येत नाही. गावाचं नवं पान तिथं कसं चालवायचं, ते जेवणाच्या सुट्टीत चार महिने त्यानं शिकवलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

मी ग्रुपवर त्या पानाची लिंक टाकून लिहिलं, "सगळ्यांनी हय येवा. हय कोण मानकरी नाय, सगळे सारके."

मालक नाही, एवढंच मला सांगायचं होतं. दुसरा शब्द सुचला नाही. दहा मिनिटांत मला काढलं. तालुक्याच्या ग्रुपवर लिहिलं, तर "जाहिराती बंद" म्हणून काढलं. मस्कतमधल्या आमच्याच माणसांच्या ग्रुपनं कारणसुद्धा दिलं नाही. त्यानंतर फोन गप्प. गावात कोण गेलं, कोणाला मूल झालं, काही कळेना. चादरींच्या वाफेत उभा राहून मी उगाच फोन काढून बघायचो.

"देवासमोर नारळ ठेव," भाऊकाका म्हणाले. "सगळ्यांच्या देखत म्हण, चुकलंय. आजच ग्रुपात परत घेतंय." मग हळू आवाजात, "तुझो पासपोर्टाचो फॉर्म कोणी भरलो, इसारलंस?"

विसरलो नव्हतो. त्यांनीच भरला. ते पडवीत बसून, मी खाली अंगणात उभा. आजही मनातून हात जोडतो. नारळ आणायला पाय वळलेसुद्धा. पण चुकलंय काय? सगळे सारखे, हे चुकलं?

मी वाकून पाया पडलो. "काका, पाया पडलंय ता त्या फॉर्मासाठी. पण चुकलंय म्हणूचंय नाय."

आता कोणी हसलं नाही. घराकडं येताना कोणी हाकही मारली नाही.

आमच्या घराची चावी शेजारच्या शेवंतीकाकीकडं असते. "जत्रेक कित्याक नाय इलंस रे?" तिनं विचारलं.

"तारीख कळूक नाय, काकी."

"अरे देवा! माका वाटला, ग्रुपार गावली आसतली तुका."

तिच्या फोनवर मी ते नवं पान लावून दिलं. फोनवर लिहिता येत नाही म्हणाली. बोलून पाठव म्हटलं.

आज त्या पानावर आम्ही दोघंच आहोत. मी मस्कतहून लिहितो. बहुतेक दिवस उत्तर येत नाही. भीती वाटते. उद्या अडीनडीला माणसं लागतील, तेव्हा कोण येईल? कोणी नाही आलं तरी लिहीन. पुढच्या वर्षी कौल मिळाला की काकीच्या आवाजात तारीख तिथं येईल, कोणालाही ऐकता येईल अशी. भाऊकाकांनासुद्धा. मला परत घ्या, असं मात्र मी कोणाला म्हणणार नाही.