वरुणेवरच्या पुलाचे एक्केचाळीस दोष

माझ्या धाकट्या जावेच्या वडिलांइतका खरं लिहिणारा माणूस अख्ख्या बनारसमध्ये सापडणार नाही, आणि म्हणूनच त्यांच्या हाती कुणी अर्ज देऊ नये. काकांची सगळी नोकरी रेल्वेचे पूल तपासण्यात गेली. दगडावर हातोडी मारायची, आवाज ऐकायचा, पोकळ वाटला तर लिहायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सवय सुटलेली नाही. दशाश्वमेधावर लोक गंगेला हात जोडतात, हे पायऱ्यांवर काठी आपटत उतरतात. माझ्या पुतणीच्या लग्नात मांडवाचा खांब ठोकून व्याह्यांना म्हणाले, "अक्षता लवकर उरका." जेवायला बोलावलं तर आमटीत मीठ कमी आहे एवढंच सांगतील, गप्प राहिले तर समजायचं, स्वयंपाक उत्तम.

नवा पूल टाकायचा म्हणून वरुणेवरचा दगडी कमानींचा जुना रेल्वेपूल पाडायचं ठरलं, तेव्हा काकांचं जेवणावरून लक्षच उडालं. पूल वारसा म्हणून जपावा, असा अर्ज त्यांनी करायला घेतला. मला याद्या करायची हौस, म्हणून टाइप करायला माझ्याकडे आले. 'सद्यस्थिती' या रकान्यात त्यांनी एक्केचाळीस दोष सांगितले. कुठे चुना झडलेला, कुठे पिंपळ उगवलेला.

"काका, काही चांगलंही लिहू या की."

"ताई, रिपोर्टात खराबी लिहितात. जे लिहिलं नाही ते पक्कं. हे कुणालाही समजतं."

मी कमानींप्रमाणे क्रम लावला, मथळे ठळक केले. माझं काम मी नेहमीच नीट करते. अर्ज द्यायला गेलो तेव्हा कचेरीतल्या साहेबांनी यादी वाचून आम्हाला चहा पाजला. "ऐसी लिस्ट तो हमारे इंजीनियर भी नहीं बनाते," म्हणाले, आणि पूल पाडायच्या आदेशाला तीच जोडली. एक अक्षर न बदलता.

पाडकाम सुरू झालं तेव्हा काकांना एकटं सोडवेना, म्हणून मीही गेले. यंत्र सकाळपासून एकाच कमानीवर आदळत होतं. दुपारी मुकादम घाम पुसत म्हणाला, "कौन बोला था कमज़ोर है? ई ससुरा तो हिल ही नहीं रहा."

काका काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. एवढ्या दिवसांत पुलाची कुणी केलेली ही पहिलीच तारीफ. "ताई," ते हळूच म्हणाले, "हे त्याच्याकडून लिहून घेता येईल का?"

आता तो कागद पाठवायचा कुणाला, ते मला सुचेना. तरी मी पर्समधून पेन काढलं आणि लिहून घेतलं, तारीख घालून.