खजुराच्या शेंड्यावरून दिसलेला तारा

माझा भाऊ किरिब्तू शंभर दिवस राजा होता. तो मेला तेव्हा राजाला शोभेल असं रडायला खास बायका बोलावल्या होत्या, आणि मला, सख्ख्या बहिणीला, मागच्या रांगेत उभं केलं होतं. माझं रडणं त्यांच्या सुरात बसत नव्हतं म्हणे.

त्याआधी तो माळी होता. बॅबिलॉनच्या वेशीबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला देवळाची खजुराची बाग होती, तिथे. वसंतात पहाटे, वारा सुटायच्या आत, कमरेला दोर बांधून तो मादी झाडावर चढायचा आणि नराचा तुरा तिच्या तुऱ्यावर झाडायचा. त्याशिवाय फळ धरत नाही. मी खालून म्हणायचे, "एवढ्या जणींची लग्नं लावतोस, स्वतःचं कधी?" तो वरूनच ओरडायचा, "झाडं माहेरी जाऊन गाऱ्हाणी सांगत नाहीत, ताई!"

लग्न केलं असतं तर वाचला असता.

माझा नवरा लबाशी देवळाच्या गच्चीवरून आकाश बघणारा. चंद्र कुठे, तारे कुठे, नदीला पाणी किती, सगळं ओल्या मातीच्या पाटीवर टोचून लिहायचा. तेवीस वर्षांत न पाहिलेलं काही लिहिलं नाही, याचा त्याला केवढा ताठा! आजोबा-पणजोबांच्या पाट्या जुळवता जुळवता त्याच्या मंडळींना एक गोष्ट सापडली होती: ग्रहणं अठरा वर्षांनी त्याच क्रमाने परत येतात. त्या वसंतात त्याने महिनाभर आधी सांगितलं, अमुक पहाटे चंद्र काळवंडणार, आणि तसाच काळवंडला. सकाळी घरी आला तो नाचतच. मीही कौतुकाने त्याच्या ताटात जास्तीचा मासा वाढला. त्या माशाची मला अजून लाज वाटते.

कारण ग्रहण म्हणजे राजाचं मरण. फक्त त्या वेळी मर्दुक देवाचा मोठा पांढरा तारा आकाशात दिसला, तर राजाला धोका नाही. लबाशीच्या गच्चीवरून त्या पहाटे चंद्र वर दिसत होता, पण खाली पश्चिमेला काहीच दिसत नव्हतं. मिसर देशावर स्वारीला निघालेलं सैन्य पश्चिम वेशीशी उतरलं होतं, आणि घोड्यांनी, रथांनी उडवलेली धूळ भिंतीसारखी उभी होती. लबाशीने लिहिलं, 'धूळ. तारा दिसला नाही.'

मग राजाच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बसवायचं, सगळं अशुभ त्याच्या माथी घालायचं आणि शंभर दिवसांनी त्याला मारून टाकायचं, ही राजवाड्याची रीत; आकाश बघणाऱ्यांच्या घरांपलीकडे ती फारशी कोणाला ठाऊक नसते. मागे बायकापोरं नसलेला माणूस शोधतात. राजवाड्याची माणसं बागेत गेली आणि किरिब्तूला घेऊन आली. त्याला सांगितलं, शंभर दिवस बस, मग तुला स्वतःची बाग देऊ. त्या भोळ्याने ते खरं धरलं. त्याला खरं सांगायला जाणाऱ्याची जीभ छाटतात, म्हणून कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

ऐंशीव्या दिवशी मला भेटू दिलं. अंगात लाल झगा, त्याच्या काठाला अपशकुन लिहिलेल्या मातीच्या पाट्या बांधलेल्या. शेजारी राणी म्हणून बसवलेली कोणा गरिबाची पोर, रडून रडून डोळे सुजलेली.

"वाक, वाक! राजाची बहीण असलीस म्हणून काय झालं?" किरिब्तू हसला. "ताई, हा झगा आहे की विटांची पाटी? आणि एक गंमत ऐकलीस का? खऱ्या राजाला सध्या सगळे 'शेतकरी' म्हणून हाक मारतात. मग म्हणावं, शेतकरीबुवा, माझ्या बागेला पाणी घाला जरा!"

मी हसले. दुसरं काय करणार होते?

"खाणंपिणं नीट आहे ना रे?"

"रोज मासा. पण जीव बागेत आहे गं. ग्रहणाच्या पहाटे शेवटच्या रांगेतली म्हातारी, ते जुनं झाड गं, अर्धीच झाडून झाली माझी. शेंड्यावर बसलो होतो आणि चंद्र लाल झाला, कामच विसरलो. आणि खाली नदीवर तो पांढरा तारा, काय लखलखत होता! दाजींना सांग, तुमच्या गच्चीपेक्षा माझं झाड बरं."

"कुठला तारा?"

"अगं मर्दुकाचा. दुसरा कुठला?"

त्या ताऱ्याने काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. दारात पहारेकरी होते. मी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि घरापर्यंत धावत आले.

"अहो, किरिब्तूने तारा पाहिलाय! बाग छावणीच्या पलीकडे, तिथे धूळ नव्हती. आत्ता जा आणि सांगा, मी पाहिला म्हणून."

लबाशीने हातातली ओली पाटी खाली ठेवली. "तारा होता, हे खरं असेल. मी पाहिला, हे खोटं आहे."

"माझा भाऊ मरतोय!"

"मी एकदा खोटं बोललो, तर या पाट्यांच्या ढिगावर कोण विश्वास ठेवील, नुप्ताया?"

"चुलीत घाला तो ढीग!"

मी त्याचे पाय धरले. शेवटी तो निघाला, मी मागोमाग. राजवाड्याच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून म्हणाला, "तारा दिसला होता. मला नाही. किरिब्तूला."

"कोण किरिब्तू?"

"गादीवर बसवलाय तो."

अधिकारी पोट धरून हसला. "तो तर म्हणणारच! उद्या म्हणेल, त्याच वेळी सूर्यही पाहिला." मग हसू आवरून लबाशीला म्हणाला, "तू पाहिलास का? तू हो म्हण, मी लिहितो. तुझ्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही."

नुसती मान हलवायची होती. एकदा. मी मागे उभी होते, त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

"नाही," लबाशी म्हणाला. "मी नाही पाहिला."

शंभराव्या दिवशी किरिब्तूला आणि त्या पोरीला पेला दिला. पेला हातात घेताना त्याने बाग कुठल्या अंगाला आहे ते विचारलं, असं एका पहारेकऱ्याने मला नंतर सांगितलं. त्या वर्षी त्याने झाडलेली झाडं लगडली होती. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला मात्र एकाच बाजूला खजूर धरला. राजा पुढच्याच वर्षी मिसरच्या वाटेवर आजारी पडून मेला. मग माझा भाऊ कशासाठी गेला, ते मला कोणीतरी सांगा.

मी लबाशीशी भांडले नाही. ताट वाढायचं, ताट उचलायचं. अशी नऊ वर्षं गेली.

नव्या राजाचं सैन्य पुन्हा मिसरला निघालं. पुन्हा पश्चिम वेशीशी छावणी, पुन्हा तीच धूळ. एका संध्याकाळी लबाशी म्हणाला, "चल, बागेत जाऊ." शेवटच्या रांगेतल्या त्या झाडाशी थांबला. खोपटात किरिब्तूचा दोर अजून लटकत होता, तो कमरेला बांधला आणि चढू लागला. गुडघे गेलेला म्हातारा. मी थांबा म्हटलं नाही. वर बराच वेळ बसून राहिला. उतरला तेव्हा पोटऱ्या सोलवटल्या होत्या आणि तो रडत होता. त्याला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"इथून धूळ आड येत नाही," तो म्हणाला. "नदीपर्यंत सगळं आकाश मोकळं आहे. तो खरं सांगत होता, नुप्ताया. आता मी स्वतः पाहिलं."

मी त्याच्या कमरेचा दोर सोडवला आणि गुंडाळून घेतला.

"मला त्यासाठी झाडावर चढावं लागलं नव्हतं," मी म्हणाले.