खुर्चीच्या हाताची बंदूक

आमच्या सोफेवाल्याला सगळे गुबगुबे म्हणत. खरं आडनाव त्याच्या बायकोला आणि वीजबिलालाच ठाऊक. हाताला लागेल ती वस्तू मऊ करायची, ही त्याची खोड. स्टूल, सायकलची सीट, शिवणयंत्राचं पायडल. उंच गिऱ्हाइकांची टाळकी आपटतात म्हणून दुकानाच्या चौकटीलाही त्याने फोम ठोकला होता.

रविवारी हा गडी पेंटबॉल खेळायला जायचा. हवेच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या झाडायच्या. ज्याच्या अंगावर फुटेल तो बाद. गुबगुबे सगळ्यांच्या आधी बाद. बंदूक हातात अशी लटलटायची की त्याची गोळी झाडाच्या शेंड्याला जायची. कप्तान होता त्याचा साडू, विम्याचा एजंट. गोड आवाजात कडू बोलण्यात पटाईत.

"साडूभाऊ, राग मानू नका," तो म्हणाला, "या रविवारी तुमच्या हातून एक तरी गडी बाद होऊ द्या. नाहीतर पुढच्या वेळेपासून तुम्ही आपल्या पिशव्या राखा. तेही जबाबदारीचंच काम आहे."

हे गुबगुब्याला फारच झोंबलं. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, सोडा की तो खेळ," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीचा नवरा तो. बोहल्यावरही असाच बोलत होता."

"खेळ सोडीन एक वेळ. पिशव्या राखणार नाही!"

विचार करकरून त्याला दुखणं सापडलं. बंदुकीला खांद्यावर टेकायला काही नव्हतंच. दस्ता हवा! दुकानात एका मोडक्या आरामखुर्चीचा हात पडला होता. बंदुकीच्या मागची हवेची टाकी त्याने काढून कमरपट्ट्याला लावली, मधे नळी जोडली आणि रिकाम्या जागी खुर्चीचा हात पक्का बसवला. दुसरा कुणीही इथं थांबला असता. गुबगुब्याने त्यावर फोम चढवला, मरून रेक्झिन ताणलं, कडेने गोट शिवला आणि वर बटणं बसवली.

मग आरशासमोर उभा राहिला. दस्ता खांद्याला, गाल रेक्झिनवर.

"अगं, बघ! हलते का जरा तरी?"

"बंदूक नाही हलत. तुम्हीच पेंगताय."

रविवारी मैदानात हसून हसून लोकांची पोटं दुखली. "बंदूक आणलीत की दिवाणखाना?" साडू म्हणाला. समोरच्या संघाची कप्तान दातांची डॉक्टरीण होती. तिने अंगठ्याने दस्ता दाबून पाहिला. "माझ्या पेशंटच्या खुर्चीपेक्षा बरा आहे हो."

शिट्टी वाजली. गुबगुब्याने मुखवटा चढवला, दस्ता खांद्याला लावला, पण गाल काही टेकेना. माप घेताना तोंडावर मुखवटा कुठं होता? आता मुखवट्याची हनुवटी रेक्झिनवर आपटत होती. मान वाकडी करकरून पाहिली, तर नाकासमोर फक्त एक मरून बटण. गोळी डोळ्यात जाऊ नये म्हणून मुखवटा काढायची तर सक्त मनाई.

त्याने दस्ता काखेत धरला. निसटला. शेवटी पोटाला टेकवला. पोट चांगलं भरलेलं, जन्माचं मऊ. बंदूक तिथं मांजरीसारखी शांत बसली. समोरच्या पिंपाआडून एक रुंद पाठ दिसत होती. गुबगुब्याने श्वास रोखला आणि चाप दाबला. फट्! पाठ पिवळीधमक झाली.

"लागला! लागला! बाद!" तो जागच्या जागी नाचायला लागला.

पाठ वळली. साडूच होता.

"अहो, मी तुमच्याच बाजूचा ना!" गोड आवाज कुठल्या कुठे पळाला होता.

"एक तरी गडी म्हणालात. कुठल्या बाजूचा ते कुठं म्हणालात?"

हा वाद रंगात आला असतानाच समोरच्यांनी गुबगुब्याला नखशिखांत रंगवून काढला. साडूने त्याला तिथल्या तिथं संघातून हाकलला. गुबगुबे खाली मान घालून पिशव्या गोळा करायला लागला.

"ठेवा त्या खाली," डॉक्टरीण म्हणाली. "पुढच्या रविवारी आमच्याकडून खेळा."

"मी? अहो, पण माझा नेम..."

"नेम झकास आहे. समोर फक्त तुमचे साडूच उभे असू देत म्हणजे झालं."

साडू पाठीवरचा रंग पुसायला धडपडत होता, पण हात पोचत नव्हता. गुबगुब्याने रुमाल काढला, प्रेमाने त्याची पाठ पुसून दिली, आणि पुसता पुसता ती किती रुंद आहे ते नीट बघून ठेवलं.