डिझेलच्या कॅनमधलं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, आमच्या आरोग्य केंद्राच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं गेलं आणि पाठोपाठ एक डिझेलची पिकअपही मिळाली. पाणी मात्र नव्या जिल्ह्यात जुन्याइतकंच होतं, म्हणजे नव्हतंच. टँकर आला की हाताला लागेल ते भांडं घेऊन सगळे पळत सुटायचे, आणि केंद्राची नर्स, म्हणजे मी, सगळ्यांच्या पुढे.

पिकअपचे ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना मामा म्हणत. माणूस भारी सावकाश. नुसत्या डिझेलसाठी गाडी पळवायची नाही असा त्यांचा नियम. रिकामा कॅन घेऊन ते कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून निलंग्याला जात आणि भरून आणत. मला त्या सावकाशीचा राग यायचा, आणि राग लपवणं मला कधी जमलं नाही.

एकदा टँकर आला आणि माझ्या हाताला नेमका तोच कॅन लागला. पाणी भरलं, त्यातच फिनेल ओतलं, खोल्या पुसून घेतल्या आणि कॅन होता तिथे ठेवून दिला. तळाशी तांब्याभर पाणी उरलं असेल. मामांना सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो तसाच भरून आणला आणि टाकीत रिकामा केला.

त्याच दिवशी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या एका बाईला आमच्याकडे आणलं. खाणीतलं साचलेलं पाणी पिऊन जुलाब, उलट्या. डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागेना. केंद्रात सलाईनच्या बाटल्या दोनच. दुसरी लावून डॉक्टर तिच्याजवळ बसले आणि मला म्हणाले, "निलंग्याहून खोकं घेऊन या. ही बाटली संपायच्या आत."

जाताना गाडी नीट गेली. येताना, खोकं माझ्या मांडीवर आणि गाव पाच-सहा कोसांवर असताना, ती आचके द्यायला लागली आणि बंद पडली.

"मामा, आत्ताच?" मी ओरडले. "तिकडं बाई मरायला टेकली अन् तुमची ही गाडी!"

मामा खाली उतरले. टाकीखाली शिरून त्यांनी बोल्ट सैल केला आणि गाडीत पडलेला माझा इंजेक्शनचा ट्रे खाली धरला. ट्रेमध्ये दुधासारखं पांढरं पाणी आलं. पाण्यात फिनेल पडलं की ते असंच पांढरं होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार! कॅनच्या तळाशी मीच सोडलेलं ते पाणी.

"डिझेलमधी पानी आलंय," एवढंच मामा म्हणाले. "जुना फिल्टर गेला कामातून."

सीटखालून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा फिल्टर काढला. टाकीतून पिवळं, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी सोडून दिलं. मग ट्रे पुसून त्यात ते डिझेल धरलं, नव्या फिल्टरमध्ये ओतलं आणि फिल्टर बसवला. मला वाटलं, झालं. पण नळीत हवा शिरली होती, आणि हवा निघाल्याशिवाय डिझेलची गाडी जागची हलत नाही.

"सिस्टर, हिकडं या. हा हवा काढायचा पंप दाबा. मी म्हनंस्तोवर थांबू नगा."

मी दाबायला लागले. मामांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल धरला होता. तिथून फेस येत होता, बुडबुडे येत होते. बोटं सोलली, डोळ्यांत घाम उतरला. प्रत्येक दाबाबरोबर तिकडे बाटलीतला एक थेंब कमी होतोय, असंच वाटत होतं. शेवटी बुडबुडे थांबले आणि डिझेलची सलग धार आली. मामांनी स्क्रू आवळला. गाडी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली.

पोचलो तेव्हा बाटलीत दोन बोटं सलाईन उरलं होतं. मी नवी बाटली लावली.

डॉक्टर मामांवर भडकले. "एक गाडी नीट ठेवता येत नाही तुम्हाला?"

"फिल्टर लई जुना झाला व्हता, साहेब," मामा मान खाली घालून म्हणाले. मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

दिवस कलताना त्या बाईला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी टिकलं, जीव वाचला. यात आनंद कसला, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी भिंतीला टेकून रडले आणि तशीच मामांकडे गेले. ते मातीनं हात चोळत होते. धुवायला पाणी कुठलं!

"मामा, ते पाणी माझं होतं."

"ठावं हाय. पांढरं दिसलं तव्हाच कळलं."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुमी रडत बसल्या असत्या. मंग पंप कुनी मारला असता?"

मी आत जाऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला मनसोक्त झापलं आणि बाहेर येऊन मामांची माफी मागितली. मामाच ओशाळले. इतका मोठा माणूस रोज माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता आणि मी त्याच्या सावकाशीवर चिडत होते. त्यांचे उपकार मी आजही मानते.

चौथ्या दिवशी ती बाई स्वतःच्या पायांनी घरी निघाली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला उठवलं, हाताला धरून पिकअपपाशी नेलं आणि म्हटलं, "माझ्या नाही, यांच्या पड."

मामा दोन पावलं मागे सरले. हात जोडून त्यांनी तिला जय भीम केला.

"पाया नगं पडू, माय," ते म्हणाले. "पानी तेवढं उकळून पीत जा."