मध्ये चार बोटं

चारबोट्यांची एक बाई आहे आणि ती विमानतळावर असते, अशी कुजबुज आमच्या गल्लीत बरीच वर्षं होती. इथल्या विमानतळावर नव्हे, मधल्या. म्हणजे अटलांटिकपलीकडे जाताना जिथे उतरून दुसऱ्या विमानात बसावं लागतं, तिथल्या. ही कुजबुज सुरू कुणी केली ते मला माहीत नाही. तिला तिखटमीठ कुणी लावलं ते माहीत आहे, पण ते इथे उघड करून काय मिळणार? माणूस म्हातारपणी शांततेत जगावा.

पुरावा अगदीच नव्हता असंही नाही. चारबोटे विमानाची तिकिटं काढून द्यायचे. जगात विमान बदलायला पन्नास जागा असतील, पण त्यांचा प्रत्येक प्रवासी त्या एकाच विमानतळावर उतरायचा आणि तिथे निदान साडेतीन-चार तास बसायचा. बरं, बसवलं तर बसवलं. माणूस परत आला की चारबोटे त्याला दुकानात बोलावणार, चहा पाजणार आणि इकडचं तिकडचं विचारून झालं की हळूच मुद्द्यावर येणार, चौकशीच्या खिडकीत कोण होतं? बाई होती का? चष्मा होता का तिला? पलीकडे नातवंडं कशी आहेत हे त्यांनी कधी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. आता अशा माणसाबद्दल लोकांनी काय गप्प बसायचं?

त्यांचं दुकान चपला दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर होतं. जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला आधी हाक मारायची. वर एक टेबल, तीन खुर्च्या, एक पंखा आणि कोपऱ्यात अर्ज भरत बसलेल्या वहिनी. वहिनी म्हणजे चारबोट्यांच्या सौभाग्यवती. त्या बोलत कमी, पण बोलल्या की समोरच्याला घरी गेल्यावर लागायचं. मधल्या विमानतळावरची कुजबुज त्यांच्याही कानावर गेली होती. त्यावर त्या एकदाच म्हणाल्या होत्या, की असली तर बरंच आहे, निदान हे तिथे तरी वेळेवर जेवतील.

चारबोटे हे अर्थातच आडनाव नव्हे. खरं आडनाव पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण. नाव पडलं ते त्यांच्या कामाच्या तऱ्हेवरून. खालच्या दुकानातली बुटांची रिकामी खोकी आणून ते पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायचे. एक विमान म्हणजे एक पट्टी. जितके तास विमान हवेत, तितकी पट्टी लांब. टेबलाच्या कडेला तासातासाच्या रेघा मारलेल्या होत्या. त्या कडेशी पहिल्या विमानाची पट्टी ठेवायची, पुढे दुसऱ्या विमानाची, आणि मधे जी मोकळी जागा उरेल तिथे डाव्या हाताची चार बोटं आडवी टेकवायची. बोटं मावली की म्हणायचं, काढा पासपोर्ट. नाही मावली तर पट्टी उचलून परत डब्यात.

कॉम्प्युटर नव्हता असं नाही. जावयाने आणून दिला होता, आणि वेळा त्यावरच बघायचे. पण निकाल बोटांचा. कुणी म्हणालंच, की अहो, इथे तर 'सर्वांत सोयीचं' म्हणून दुसरंच विमान वर दाखवतंय, तर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"सोयीचं कुणाच्या? त्याला कुठे गुडघे आहेत?"

लोक हसायचे, नकला करायचे, आणि तिकीट त्यांच्याकडूनच काढायचे. कारण वीस वर्षांत त्यांच्या एकाही माणसाचं मधलं विमान चुकलं नव्हतं. पहिलं विमान उशिरा सुटो, कुणाची बॅग अडको, कुणी चुकीच्या टोकाला जाऊन बसो, चार बोटांत सगळं सामावून जायचं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. समोरचा सांगेपर्यंत वाट बघत.

आता शिवणबाई. त्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर कपडे शिवायच्या. एक खोली, खिडकीशी मशीन, गळ्यात मोजपट्टी. ती पट्टी त्या झोपताना तरी काढतात का, असा माझा एक जुना प्रश्न आहे आणि तो मी त्यांना कधी विचारलेला नाही. गुडघा एक बरा, एक कुरकुरणारा. मुलगी पलीकडे, पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं, गुरुवारी दुपारी तीनला. मुलीने फोनवर एवढंच म्हटलं होतं, आई, मला आत नेतील तेव्हा तू दाराशी हवीस. बाकी काही आणू नकोस.

शिवणबाईंनी ते मनावर घेतलं, पण व्हिसावाल्यांनी घेतलं नाही. व्हिसा हातात पडला तो मंगळवारी. म्हणजे बुधवारचं विमान, एवढाच काय तो मार्ग. मंगळवारी दुपारी शिवणबाई, त्यांचा थोरला मुलगा आणि (पट्ट्या बघायची हौस म्हणून) मी, असे तिघं एकमेकांना हाका मारत जिना चढलो.

थोरल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे जग आपल्या अंगठ्याखाली आहे असा त्याचा समज. त्याने फोन पुढे केला. मधे सत्तर मिनिटं, सकाळी सातला आई पलीकडे. चारबोट्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्ट्या मांडल्या. सत्तर मिनिटांच्या जागेत एक बोट जेमतेम बसलं. ती पट्टी गेली.

दुसरं विमान होतं, त्यात मधे तीन तास पन्नास मिनिटं. पोचायची वेळ सकाळी नऊ चाळीस. चारबोट्यांनी बोटं टेकवली. तीन बसली, चौथं अडलं. त्यांनी हात उचलून परत ठेवला. करंगळी पट्टीवर चढली आणि पट्टी नखभर सरकली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. माणूस बुचकळ्यात पडल्यासारखा दिसला, पण क्षणभरच. ती पट्टीही डब्यात गेली.

तिसऱ्यात मधे सहा तास दहा मिनिटं. पोचायची वेळ बारा. बोटं ऐसपैस बसली.

शिवणबाईंनी विचारलं, की मधलंच का नको, तीन तास पन्नास मिनिटं काय कमी झाली? थोरला तर उठूनच उभा राहिला. तो म्हणाला, काका, अहो आकडा समोर दिसतोय.

"आकडा वाचून गुडघा चालत नाही," चारबोटे म्हणाले. "बाई, बाराला उतराल, एकला दवाखान्यात, तीनला दाराशी. मी पाठवलेला माणूस चुकलाय कधी?"

शिवणबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा गुडघ्याकडे, आणि पासपोर्ट काढला.

बुधवारी निघताना गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं जपून, कुणी म्हणालं फोन कर. मी त्यांना बाजूला घेऊन एक छोटंसं काम सांगितलं. सहा तास बसायचंच आहे, तर जरा चौकशीच्या खिडकीपर्यंत जाऊन या. दुकानाच्या उद्घाटनाचा जुना फोटो मी त्यांच्या फोनवर घालून दिला होता. त्यात चारबोटे हार घालून उभे आहेत. तेवढा त्या बाईला दाखवा, बास. शिवणबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं बाही उलटी शिवून आणलेल्या माणसाकडे बघतात. पण नाही म्हणाल्या नाहीत. कुतूहल कुणाला नसतं?

पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा पोचलं. म्हणजे थोरल्याची सत्तर मिनिटं तिथेच कामातून गेली होती. ही बातमी गल्लीत आली तेव्हा चारबोट्यांच्या दुकानाचा पंखा मला उगाचच जोरात फिरताना दिसला.

शिवणबाई चौकशीच्या खिडकीशी गेल्या. खिडकीत खरंच बाई होती, आणि चष्माही होता. आता हिची भाषा तिला येईना, तिची हिला. पण तिच्या गणवेशाच्या बाहीचा टाका उसवून दोरा लोंबत होता. असं काही दिसलं की शिवणबाईंच्याने राहवत नाही. पर्समधून सुई काढली, बाईचा हात काउंटरवर ओढून घेतला आणि जागच्या जागी टीप घातली. रांगेतले लोक बघत उभे. तिने यांना पाणी दिलं, बसायला आतली खुर्ची दिली. अशा त्या दोघी बसलेल्या असताना पलीकडे मुलीला कळा सुरू झाल्या. तीनच्या ऑपरेशनची वाट बघायला बाळ काही तयार नव्हतं.

सकाळी अकरा वीसला मुलगी झाली. तेव्हा शिवणबाई समुद्रावर होत्या, कमरेला पट्टा बांधून. दाराशी शेजारीण उभी होती.

नऊ चाळीसला उतरल्या असत्या तर पावणेअकरापर्यंत दवाखान्यात असत्या. हे गणित थोरल्याने एकट्याने केलं आणि दुसऱ्याच दिवशी जिना चढला. हाक न मारताच चढला, त्यामुळे वरून उतरणारा मी भिंतीला चिकटलो आणि मग साहजिकच परत वर गेलो.

त्याने आवाज चढवला नाही. डब्यातून ती पट्टी शोधून काढली, टेबलाच्या कडेशी मांडली आणि आपली चार बोटं मधे ठेवली. आरामात बसली. वर पेन्सिल मावेल एवढी जागा उरली.

"आता तुम्ही ठेवा, काका."

चारबोट्यांनी हात पुढे केला. सांधे सुजून जाड झालेली ती बोटं आम्ही रोज बघत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. चौथं काही केल्या बसेना. त्यांनी दाबून पाहिलं. पट्टी सरकली.

कोपऱ्यातून वहिनी म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, अंगठी निघत नाही त्यांची."

मग हळूहळू सगळ्यांना उमगत गेलं. दुकान सुरू केलं तेव्हा त्यांची चार बोटं म्हणजे साडेतीन तास होती. बोटं सुजत गेली तसे तास वाढत गेले. माणसं साडेतीन तास बसत होती ती चार तास बसू लागली, मग त्याहून जास्त, आणि चारबोट्यांना वाटत होतं की आपलं माप तेच आहे, विमानंच अलीकडे जवळजवळ सुटायला लागली आहेत. किती जणांचे किती तास त्या विमानतळावरच्या खुर्च्यांवर गेले असतील, त्याचा हिशोब मी केला आणि गल्लीला ऐकवलाही. चार दिवस छान करमणूक झाली. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की वरचं दुकान उघडलेलंच नाही.

ते उघडलं शिवणबाई परत आल्यावर, तीन महिन्यांनी. मधल्या काळात वहिनी एकट्या येऊन जुनी कामं उरकून जायच्या. चारबोटे घरी बसून कुणालाही तिकीट काढून द्यायला नकार देत होते. शिवणबाई आल्या त्या बॅगा खोलीत टाकून थेट त्यांच्या घरी गेल्या, आणि चारबोटे त्यांना बघून दाराआड व्हायला लागले तर दार धरून उभ्या राहिल्या. माफीबिफीचं त्यांनी बोलूच दिलं नाही. मुलगी रुसली होती, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बाळ रडायला लागल्यावर बोलली, एवढंच सांगितलं. मग गळ्यातली मोजपट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"माझ्या दुकानात कुणी बोटांनी माप घेतलं असतं तर मी त्याला पहिल्या दिवशी घालवला असता. ही घ्या. आणि पुढच्या वर्षी मला परत जायचंय, तेव्हा दुकान उघडा."

दुकान उघडलं. आता पट्ट्यांच्या मधे मोजपट्टी टेकते. चारबोटे हे नाव मात्र काही गेलं नाही. नव्या नावाचा विचार करायला गल्लीला वेळ नाही.

माझं काम तेवढं राहिलं होतं. मी शिवणबाईंना गाठलं आणि फोटोचं काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी तो त्या खिडकीतल्या बाईला दाखवला होता. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला, नीट बघितलं आणि मान हलवली. कोण आहेत हे, म्हणून उलट खुणेने यांनाच विचारलं. तिने त्यांना ओळखलंच नव्हतं.

हे मला पचेना. मी वहिनींकडे गेलो आणि आडून आडून विषय काढला. त्या अर्ज भरत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी सांगितलं, मान वर न करता.

चारबोटे आयुष्यात एकदाच विमानात बसले, दुकान काढण्याआधी. त्यांचा मोठा भाऊ पलीकडे आजारी होता. त्याच विमानतळावर मधे पन्नास मिनिटं होती, पुढचं विमान चुकलं आणि दुसरं चोवीस तासांनी होतं. चौकशीच्या खिडकीतल्या एका चष्मेवाल्या बाईने त्यांना आतली खुर्ची दिली. ते पोचले तेव्हा भाऊ गेला होता.